सून कामाला लागलेलीच असते, तिचं नाव कुठं लागलंय ते बघा

प्रश्न करवीर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंचा आहे. गेल्या सात-आठ वर्षांत त्यांच्या गावात पंधरा-सोळा सुना लांबून आल्या. काही बीड-परभणीकडच्या, काही कर्नाटकातल्या अथणी-रायबागकडच्या, दोघी तर झारखंडच्या. त्या कुणात मिसळत नाहीत, हळदी-कुंकवालाही येत नाहीत. महिला-बालकल्याणाच्या निधीतून त्यांना शिलाई मशीन द्यावं, कामाला लावावं, असं ताईंच्या मनात आहे. त्या विचारतात, हाताला काम मिळालं की या मुली गावात रुळतील का?

ताई, मशीनची ऑर्डर दिली नसेल तर थोडं थांबा. गेली सत्तावीस वर्षं मी या जिल्ह्यात बचत गटांचं आणि बायकांच्या कर्जांचं काम करते. लांबून आलेल्या सुना पुष्कळ बघितल्या. हाताला काम नाही म्हणून बाजूला पडलेली त्यांच्यात मला एकही भेटली नाही. पहाटे शेण काढण्यापासून रात्री भांडी पालथी घालेपर्यंत तिचा हात रिकामा नसतो. धारा, वैरण, भांगलण, उसाचं पाणी, सगळं तिच्याकडे. तिच्या कामाचा पैसा ज्या कागदावर उतरतो, त्या कागदावर मात्र ती कुठंच नसते. खरी अडचण मला तिथं दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात मी संध्याकाळी दूध संस्थेच्या कट्ट्यावर बसले होते. दूध घालायला आलेल्यांत बायकाच जास्त. किटली पुढं करायची, माणूस दूध मापात ओततो, नमुना मशीनला लावतो आणि चिठ्ठी निघते. चिठ्ठीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), दर आणि सगळ्यात वर सभासदाचं नाव. परभणीकडची एक सून चिठ्ठीची घडी घालून पदराला गाठ मारत होती. मी विचारलं, "किती लागली फॅट?" ती चटकन म्हणाली, "सात पॉइंट दोन. काल सहा नऊ होती, सरकी पेंड कमी पडली व्हती." मग विचारलं, "दहा दिवसांचं बिल किती येतं?" तर म्हणाली, "ते मामांना माहीत." मामा म्हणजे सासरे. फॅट पॉइंटात पाठ, पेंडीचा हिशोब पाठ, आणि बिलाचा आकडा ठाऊक नाही. चिठ्ठीवर नाव सासऱ्यांचं, खातं सासऱ्यांचं, दिवाळीचा दूध फरकही त्याच खात्यावर. त्या घरात कुणी वाईट नव्हतं. सासरे भला माणूस, सुनेला लेक म्हणायचे. पण उद्या तिच्या आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ती शंभर रुपयांसाठीही हात पुढं करणार, आणि स्वतःच कमावलेल्या शंभर रुपयांसाठी.

केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीत खेड्यातल्या बायकांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्क्यांवर गेला. हा आकडा वाचून आनंद होतो, पण या वाढीचा मोठा भाग घरच्या शेतीत आणि जनावरांत बिनपगारी राबणाऱ्या मदतनीस बायकांचा आहे. तुमच्या गावच्या पंधरा-सोळा जणीही त्या मोजणीत कामकरीच धरल्या जातील. मोजल्या गेल्या म्हणून त्यांच्या हातात काही पडलं असं होत नाही.

आता या मुली लांबून का येतात, हे गावात कुणी उघड बोलत नाही. तुम्ही बोलायला हवं. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. पाणी आणि ऊस असलेला, घराघरात दुभती जनावरं असलेला हा जिल्हा, आणि मुलींची ही गत. २०११ मध्ये आकडा ८६३ झाला. मधल्या काळात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी गर्भलिंग तपासणी रोखण्यासाठी सोनोग्राफी यंत्रांवर तपासण्यांची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवायला लावले, त्याची चर्चा राज्यभर झाली. पण २००१ मध्ये जी पोरं अंगणवाडीच्या वयाची होती ती आज पंचवीस-तिशीत आहेत. तीच आज स्थळं शोधत फिरताहेत. त्यात शेती करणारा नवरा नको, पुण्यातला नोकरीवाला हवा, अशी मुलींच्या घरांचीही अट असते, आणि ती मला चुकीची वाटत नाही. आपल्याच आयांनी शेतातलं बिनपगारी जिणं बघितलं आहे. मग बागायतदार घर सोयरीक शोधत मराठवाड्यात जातं, सीमेपलीकडे जातं आणि शेवटी दलालाकडे जातं.

बीडकडच्या सोयरिकी कशा जुळतात तेही बघा. ऊसतोड मजूर दर हंगामात आपल्याकडच्या कारखान्यांना येतात. फडाच्या कडेला खोपी पडतात, त्यांची पोरं तिथंच वाढतात, ओळखी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल (आगाऊ रक्कम) कोयत्याची असते, म्हणजे अर्धा घाम बाईचा. पण मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं आणि पैसा त्याच्या हातात. अशा घरातली लेक तुमच्या गावात सून होऊन येते तेव्हा आपल्या कामाला आपलं नाव नसतं हे ती आईकडे बघून शिकूनच आलेली असते. तक्रार करायची तिला सवयच नाही. त्याला समाधान समजू नका.

लग्न होऊन गाव सोडणं हे देशातलं सगळ्यात मोठं स्थलांतर आहे. २०२०-२१ च्या पाहणीत गाव बदललेल्या बायकांपैकी ८६.८ टक्के जणींनी कारण सांगितलं ते लग्न. पण आपण स्थलांतरित म्हणतो तो शिरोलीच्या फाउंड्रीत आलेल्या बिहारी पोराला. त्याला निदान मुकादम असतो, खोलीवर गावचे चार जण असतात, दर महिन्याला मोजून पगार असतो. सुनेला यातलं काहीच नसतं. तिच्या गावची दुसरी बाई कुठल्या गल्लीत आहे हेही तिला कोणी सांगत नाही.

पूर्वीच्या लग्नात मुलगी जायची ती चार-दहा कोसांवर. कागलची निपाणीला, शिरोळची चिकोडीला, पन्हाळ्याची वारणेकाठी. सीमा नकाशावर आली तरी रोटी-बेटी थांबली नाही. माहेर हाकेच्या अंतरावर असणं ही नुसती मायेची गोष्ट नव्हती, तो घराचा विमा होता. देशातल्या कोरडवाहू गावांवरचा एक अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. लेकी वेगवेगळ्या दिशांना दिलेली घरं दुष्काळाच्या वर्षीही खाण्यापिण्यात फार मागे पडत नाहीत, असं त्यात दिसलं. पाऊस सगळीकडे एकदम दगा देत नाही, म्हणून सोयरे उपयोगी पडतात. आपल्याला हे अभ्यासातून कळायची गरज नाही. २०१९ च्या महापुरात पंचगंगा-कृष्णेकाठच्या माणसांनी जनावरं आणि धान्य कुणाकडे हलवलं ते आठवा. सुनेचं माहेर माळावर असेल तर त्या घराच्या म्हशी वाचल्या.

लांबून आलेल्या सुनेचा हा विमा तुटतो. तिचं माहेर शेकडो किलोमीटरवर असेल तर तिला पाठ नाही आणि सासरलाही तिच्या माहेराचा आधार नाही. घरात ती नुसता हात म्हणून उरते. कधी कधी तर बऱ्याच दिवसांनी माहेरचा फोन येतो तो हक्कसोडपत्रावर सही करायला ये म्हणून. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये लेकीला वडिलार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला, पण एक साडीचोळी देऊन तो सोडवून घेतला जातो. तुमच्या गावात अशी सही करायला कुणी निघाली असेल तर तिला निदान कागद वाचून दाखवा. सही करायची की नाही ते ती ठरवेल.

म्हणून माझं सांगणं, आधी कागद. एका मुलीचे कागद मी पाहिले. आधारवर वडिलांचं नाव आणि माहेरचा पत्ता. सासरच्या रेशनकार्डावर ती नाही, कारण माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला कुणी आणला नव्हता. लग्नानंतर सासरी नाव बदललेलं, तेच दवाखान्यात लिहिलेलं, त्यामुळे बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचं दुसरंच नाव. एक जिवंत बाई आणि कागदावर दोन. बँकेत खातं काढायला गेली तर दोनदा परत पाठवली. यात पहिली चावी विवाह नोंदणीची. ती ग्रामपंचायतीतच होते, ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हेच निबंधक. नव्वद दिवस उलटून गेले असले तरी विलंब शुल्क भरून होते. तो दाखला हातात आला की आधारवरचं नाव-पत्ता, मग रेशनकार्ड, मग खातं, असं एकामागून एक मार्गी लागतं. क्रम उलटा केलात तर प्रत्येक खिडकीवर अडाल.

झारखंडच्या आणि कर्नाटकच्या सुनांसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. लाडकी बहीण योजनेत परराज्यात जन्मलेल्या पण महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास दाखला चालेल, अशी तरतूद २०२४ मध्ये केली होती; नवे अर्ज चालू आहेत का ते आधी विचारून घ्या. पुष्कळ घरांना हे माहीत नसतं आणि 'आमची परराज्यातली, तिला मिळत नाही' म्हणून गप्प बसतात. पैसे बाईच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यावर येतात हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दीड हजाराइतकंच मोल त्या खात्याचं आहे. उलट जातीच्या दाखल्याच्या बाबतीत खोटी आशा लावू नका. जात लग्नानं बदलत नाही, वडिलांकडूनच येते, आणि दुसऱ्या राज्यातला दाखला इथल्या आरक्षणाला धरला जात नाही. निपाणीहून कागलला, म्हणजे अर्ध्या तासावर आलेली मुलगीसुद्धा यात अडकते. तिला आधीच सांगितलेलं बरं.

दलालामार्फत झालेलं लग्न असेल तर आणखी एक पायरी आहे आणि ती सगळ्यांच्या आधी. मुलीला एकटीला गाठून, तिच्या भाषेत बोलणारं कुणी बरोबर घेऊन, वय किती आणि तू राजीखुशीनं आलीस का, एवढं विचारा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावला झारखंडची कुटुंबं राहतात, तिथली एखादी बाई तासभर यायला तयार होते. मुलगी अठराच्या आतली निघाली किंवा पैसे मोजून आणली असेल तर तो रुळण्याचा प्रश्न नाही, गुन्ह्याचा आहे. १८१ ही महिलांची आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइन तिला पाठ करून द्या. गावाची अब्रू वगैरे बोलणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

आता बचत गट. तुमच्या गावातल्या गटांत या सुना का नाहीत, हे कधी विचारलंत? बहुतेक गटांत एका घरातून एकच सभासद घेतात, आणि ती जागा सासूबाईंनी किंवा थोरल्या जावेनं कधीच घेतलेली असते. नियम वाईट हेतूनं केलेला नाही, एका घरात सगळं कर्ज जाऊ नये म्हणून केला आहे. पण त्याचा फटका नेमका नव्या सुनेला बसतो. यावर आम्ही एकदा फक्त बाहेरून आलेल्या सुनांचा वेगळा गट काढला. तो सव्वा वर्षात मोडला. मुली चांगल्या होत्या, बचतही वेळेवर टाकत होत्या. पण बँकेत त्यांना ओळखणारं कुणी नाही, ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघाच्या, बैठकीत त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही, आणि गावानं त्या गटाला 'परक्यांचा गट' असं नावच ठेवलं. पुढच्या वेळी निम्म्या जणी गावातल्याच तरुण सुना घेतल्या, कुणाचं माहेर शेजारच्या गावातलं, कुणाचं तालुक्यातलं. तो गट आजही चालू आहे. माहेर जवळ असलेली मैत्रीण लांबच्या मुलीला बँकेत घेऊन जाते, हे आमच्या कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

शिलाई मशीनला माझा विरोध का, तेही सांगते. ब्लाउज शिवायला बाई देते ती ओळखीवर, भावकीवर आणि विश्वासावर. नव्या सुनेकडे यातलं एकही नाही. सहा महिन्यांत मशीनवर चादर पडते आणि घरातले म्हणतात, बघा, हिला दिलं तरी जमत नाही. मशीन द्यायचंच असेल तर इचलकरंजीतून कपड्यांचं काम आणून वाटणारा ठेकेदार आधी बघा, नगाला दर काय ते लिहून घ्या आणि ते काम तिच्या नावावर लिहिलं जाईल एवढं बघा. इचलकरंजीत कांडीवाल्या, म्हणजे सुताच्या कांड्या भरणाऱ्या, बायका यंत्रमागाच्या जोरावर नव्हे, तर कारखान्यात रोज हजेरीला उभ्या राहतात म्हणून चार लोकांत ओळखल्या जातात. घरबसल्या कामात हजेरीच नसते. हुपरीत घरात बसून पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या बायकांचं तेच, कोल्हापुरी चपलेची वेणी घालणाऱ्या बायकांचंही तेच. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्राडा कंपनीनं आपल्या चपलेसारखी चप्पल फॅशन शोमध्ये दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो, कारण २०१९ पासून भौगोलिक मानांकन आपल्याकडे होतं. तो संताप बरोबरच होता. त्याच दिवसांत मी वेण्या घालणाऱ्या एका बाईकडे बसले होते. तिच्या बोटांना दोऱ्यानं चिरा पडलेल्या. तिनं घातलेल्या वेण्यांची मजुरी मालकाच्या वहीत दिराच्या नावावर होती.

तुमच्या गावाला सोयीचा रस्ता मला दुधाचाच दिसतो. बाजार दारात आहे, दर दहा दिवसाला पैसा आहे, काम ती आधीच करते आहे. नवं शिकवायचं काही नाही, फक्त एका म्हशीचं दूध तिच्या स्वतःच्या सभासद क्रमांकावर घालायचं. शेअरची रक्कम भरून तिला संस्थेत सभासद करून घ्या. घरात दोन म्हशी असतील तर एक सासऱ्यांच्या नावावर राहू द्या, भांडणच नको. गटाच्या कर्जातून तिसरी घेतलीत तर पावती आणि विमा तिच्या नावानं करा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर तिच्याच कागदावर येऊ द्या. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात दोन जागा महिलांना राखीव असतात. त्या जागांवर कुणाच्या तरी सौभाग्यवती नुसत्या सहीपुरत्या बसतात हे आपण दोघी जाणतो. सभासद वाढल्या तर तिथं खरोखर दूध घालणारी बाई बसू शकेल.

घराचं तर तुमच्याच हातात आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. मासिक सभेत विषय घ्या, सगळ्या गावासाठी घ्या, बाहेरच्या सुनांसाठी म्हणून वेगळा घेऊ नका. सातबाऱ्याला मात्र लगेच हात घालू नका. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली १९९२ पासून नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागू शकतं, आणि ते लागायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. पण पहिल्या भेटीत जमिनीचा विषय काढलात की त्या घराचं दार तुम्हाला बंद होतं. म्हैस झाली, घर झालं, दोन वर्षं गेली की नवराच विचारायला येतो, असं मी तीन-चार घरांत बघितलं आहे.

हे सगळं का करायचं ते एका विधवा सुनेच्या घरात मला नीट कळलं. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तुम्हाला माहीत आहे. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं विधवांच्या बांगड्या फोडण्याच्या, कुंकू पुसण्याच्या प्रथा बंद केल्या आणि पंधरवड्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. याच जिल्ह्यात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवाविवाहाला कायद्याचा आधार दिला होता. ज्या घरात मी गेले होते तिथं कुंकू कुणी पुसलं नाही, सगळ्यांनी समजुतीनं घेतलं. पण महिन्याभरानं वारस नोंदीची वेळ आली आणि कळलं की लग्नाची नोंद नाही, रेशनकार्डात नाव नाही, आधार माहेरच्या पत्त्याचं. नऊ वर्षं त्या घरात राबलेली बाई आपण या घरची आहोत हे सिद्ध करायला दोन साक्षीदार शोधत होती. तेव्हा तिच्या बाजूनं उभी राहिली ती दूध संस्थेची एक पावती. अपघातानं एका वर्षी तिच्या नावावर कालवडीचा विमा काढलेला होता.

शेवटी एक कामाची सूचना. घरी जाल ते दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जा, आणि आधी सासूबाईंजवळ बसा. त्यांना विचारा, दूध संस्थेच्या चिठ्ठीवर तुमचं नाव आहे का? बहुतेक ठिकाणी नसतंच. तीस-पस्तीस वर्षं त्यांनीही त्याच किटल्या वाहिल्या आहेत. सासू-सुनेची दोघींची सभासदत्वं आणि दोघींची बँक खाती एकाच दिवशी काढा, एकाच रिक्षानं दोघींना घेऊन जा. एकीचंच काढलंत तर दुसरी आडवी येते, आणि तिचंही चुकत नाही. जाताना विवाह नोंदणीचा दाखला, दोन-दोन फोटो, आधारची मूळ प्रत आणि पॅन बरोबर ठेवा. पॅन नसेल तर फॉर्म ६० चालतो. बँकेतल्या माणसानं परत पाठवलं तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की निम्म्या वेळा खातं तिथल्या तिथं निघतं.